परत न द्यायचं सामान

गल्ला म्हणा, पैशाची पेटी म्हणा, काहीही म्हणा. मी जुना आहे आणि दमलोय, एवढं आधीच सांगून ठेवतो. माझं झाकण एका बिजागरावर लोंबकळतंय. चिल्लर ठेवायच्या माझ्या वाट्यांपैकी एकीला तडा गेलाय. तेव्हा मित्रांनो, बोलता बोलता मी मध्येच गप्प झालो, तर रागावू नका. लाकडालाही थकवा येतो हो!

नगरमधल्या एका सुताराने मोडक्या दाराच्या सागवानी फळीतून मला घडवलं. पटाशीने कोरून त्याने माझ्यात गोल वाट्या केल्या, खाली नोटांसाठी खण केला आणि तेल पाजून मला उन्हात ठेवलं. केडगावात पुणे रस्त्याला एक किराणा दुकान आहे. तिथल्या मालकाने मला विकत घेतलं. त्याचा मुलगा लालमहंमद तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला पोरगा होता. पुढे तोच दुकानात बसू लागला आणि बघता बघता साऱ्या गल्लीचा चाचा झाला.

काय दिवस होते ते! सकाळची बोहनी झाली की पहिली नोट माझ्या झाकणाला टेकवायची आणि मगच आत ठेवायची, असा त्या घरचा रिवाज होता. बाजारच्या दिवशी तर मला दम खायला फुरसत नसे. कांद्याचा वास लागलेल्या नोटा, घामाने ओल्या झालेल्या नोटा, पोरांनी मुठीत घट्ट धरून आणलेली गरम नाणी, सारं माझ्या पोटात जाई. "ह्या पेटीला बरकत आहे," असं गिऱ्हाइकं म्हणत. मला फार बरं वाटे. कौतुक कुणाला आवडत नाही?

मग मोबाईलवरून पैसे द्यायची पद्धत आली. माझ्या शेजारी एक बोलका डबा येऊन बसला. कुणी पैसे पाठवले की हा डबा साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडून आकडा सांगायचा. मेला अगदी तोंडाळ! मी आयुष्यात कधी कुणाच्या पैशाचा आकडा बाहेर सांगितला नाही, आणि कौतुक मात्र त्याचं. हळूहळू माझ्या वाट्या रिकाम्या राहू लागल्या. चाचांनी नवा काउंटर केला, तेव्हा मला माळ्यावर टाकलं. तिथे उंदराच्या सापळ्याशेजारी मी पडून राहिलो. किती दिवस, ते विचारू नका. मला आठवायचंही नाही.

एकदा एक बाई दुकानात आली आणि म्हणाली, "चाचा, जुना गल्ला असला तर द्या ना. आमच्या केंद्रात दुकान मांडायचंय." ही धनश्रीताई. चाचांनी मला खाली उतरवलं, स्वतःच्या गमछाने पुसलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या पत्र्याच्या दोन खोल्यांमध्ये नेऊन ठेवलं. मला वाटलं, सुटलो बुवा! पुन्हा कामाला लागलो!

पण ते दुकान कसलं होतं, सांगू? फळीवर सगळी रिकामी पाकिटं! चहाची रिकामी पुडी, साबणाचा रिकामा खोका, बिस्किटांचा फुगवून चिकटवलेला कागद. लोकांच्या घरून मागून आणलेला तो पसारा. आणि नोटा मुलांच्या खेळण्यातल्या. ज्या पोटात बोहनीची नोट गेली, त्या पोटात ते गुळगुळीत रंगीत कागद! माझी मलाच लाज वाटली.

इथे येणारी माणसं मात्र मुलं नव्हती, मित्रांनो. चांगली मोठी माणसं. त्यांच्या मनाला मोठा आणि वर्षानुवर्षं चालणारा आजार झालेला आहे. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाला साऱ्या जगाने आपल्याविरुद्ध कट केलाय असं वाटतं. गोळ्यांनी आजार आटोक्यात येतो, पण हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, विचार जड होतो. आणि मधली वर्षं तर निघूनच गेलेली असतात. त्या वर्षांत नोटा बदलल्या, भाव कुठल्या कुठे गेले, घरच्यांनी ह्यांच्या हातात पैसा देणं बंद केलं. म्हणून धनश्रीताई त्यांना व्यवहार पहिल्यापासून शिकवायची. नोट कशी ओळखायची, भाव कसा विचारायचा, सुटे कसे परत घ्यायचे, गरजेचं आधी आणि हौसेचं मागून कसं घ्यायचं.

तेच तेच, रोज तेच. आज शिकलेलं उद्या विसरायचं, परवा पुन्हा श्रीगणेशा. मी तर कंटाळून जायचो. ताई कंटाळायची का? कंटाळायची. माझ्या झाकणावर कोपर टेकून, डोळे मिटून बसायची ती कधीकधी. मग उठायची आणि म्हणायची, "चला, परत एकदा."

पाकिटं थोडी आणि माणसं जास्त. म्हणून तिथे एक नियम होता. वेळ संपली की ताई टाळी वाजवायची आणि मोठ्याने म्हणायची, "सामान फळीवर!" सगळे ओरडायचे, "पैसे गल्ल्यात!" मग ज्याने जे घेतलं असेल ते फळीवर परत ठेवायचं, आणि त्याचे पैसे पुढच्या माणसासाठी माझ्या खणात परत. ह्या एका गोष्टीत कुणी कधी चुकत नसे. बाकी सारं विसरणारी माणसंही हे विसरत नसत.

फक्त शिकणाऱ्यांतली मुमताजबी तेवढी कुरकुरायची. बिस्किटांचा पुडा कानाशी हलवून म्हणायची, "ह्यात काय हायेच न्हाई. असल्या दुकानाला कोन येनार? चाचांकडं भरलेला मिळतो."

"मुमताजबी, हे शिकायचं दुकान आहे," ताई हसून सांगायची.

"शिकायचं तर शिकायचं. पन रिकामा पुडा तो रिकामाच की!"

सगळे हसायचे. गहिनीनाथ मात्र हसत नसे. मला ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो हाच.

गहिनीनाथ मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. हा शिकला, सुप्याच्या कारखान्यात लागला, हप्त्यावर मोटारसायकल घेतली, लग्न ठरलं, साखरपुडाही झाला. आणि मग ते आवाज सुरू झाले. एका पगाराच्या दिवशी आवाजांनी त्याला सांगितलं, पैसे वाटून टाक, नाहीतर आई मरेल. ह्याने एसटी स्टँडवर उभं राहून सारा पगार येणाऱ्याजाणाऱ्याला वाटला. लोकांनी घेतलाही, बरं का! कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय झालंय. नोकरी गेली, लग्न मोडलं. त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं घरच्यांनी त्याच्या हातावर चहापुरतीही नाणी ठेवली नाहीत. आईबाप गेल्यावर त्याची थोरली बहीण विजयमाला त्याला केडगावला आपल्या खोलीवर घेऊन आली. तिचा नवरा वारलेला, ती एका खानावळीत पोळ्या लाटायची. हा तिला अक्का म्हणायचा.

गहिनीनाथ हळू बोलायचा, हळू चालायचा आणि माझं झाकण फार हळू लावायचा. बाकीचे धाडकन आपटायचे. हा दोन्ही हातांनी धरून टेकवायचा, आणि थरथरणारी बोटं मध्ये अडकू नयेत म्हणून आधी बाजूला घ्यायचा. म्हणून मला तो आवडायचा. आपल्याला जपणारा माणूस लक्षात राहतो.

एके दिवशी विजयमाला केंद्रात आली. खुर्चीवर बसतानाच तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन करायचं होतं आणि पुढे महिनाभर संगमनेरला मुलीकडे, सुकन्याकडे, पडून राहायचं होतं. मुलीचं घर लहान, सासरची माणसं घरात. तिथे भावाला नेता येत नव्हतं.

तिच्याबरोबर धाकटा भाऊ कल्याण आला होता. तो टेम्पो चालवतो. उभ्या उभ्याच बोलला, "मॅडम, मी एका आश्रमाची चौकशी केलीया. लांब हाय, पन ठिवून घेत्यात. अक्काचं तर बघताय तुमी. माझ्या घरी बारकी पोरं. दादाच्या हाती पैसा दिला तर तो वाटून टाकनार, न दिला तर उपाशी मरनार. मग काय करायचं आमी?"

"महिन्याभरासाठी ठेवणार का?" ताईने विचारलं.

कल्याण भिंतीकडे बघत राहिला. "एकदा नेल्यावर कोन आनतंय परत," तो म्हणाला.

गहिनीनाथ तिथेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. लोकांना वाटतं, आजारी माणसाला ऐकू येत नाही. त्याला नसलेलं ऐकू येतं म्हणून असलेलं ऐकू येत नाही की काय! त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला.

शेवटी ताईने कल्याणकडून एक कबूल करून घेतलं. ऑपरेशनच्या आधी तपासण्यांसाठी विजयमाला काही दिवस संगमनेरला जाणारच होती. तेवढे दिवस गहिनीनाथ एकटा राहील, खर्चाचे पैसे त्याच्या हातात असतील, खरेदी तोच करील. जमलं तर तो केडगावातच राहील. नाही जमलं तर कल्याण त्याला घेऊन जाईल.

"जमंल का रे?" अक्काने विचारलं.

"नियमानं करीन," तो म्हणाला.

विजयमालाने गोळ्या वारावारच्या डबीत भरून ठेवल्या. एका पाकिटात खर्चाचे पैसे घातले. एका दिवसाच्या भाकरी करून ठेवल्या आणि ती संगमनेरच्या गाडीत बसली. आणि आम्ही सगळे वाट बघू लागलो. मीसुद्धा.

गहिनीनाथ रोज वेळेवर केंद्रात यायचा. ताई रोज विचारायची, "आज काय घेतलं?" तो सांगायचा, "दूध, ब्रेड, दोन अंडी." भाव विचारला? विचारला. सुटे मोजून घेतले? घेतले. ताईचा चेहरा फुलायचा. दुपारी सगळे आपापले डबे उघडून बसत, तेव्हा हा बाहेर पायरीवर जाऊन बसे. कुणी बोलावलं तर म्हणे, "झालंय माझं." पुढेपुढे त्याचा आवाज खोल जाऊ लागला. ताई म्हणाली, "घरात एकटा आहे, झोप येत नसेल." मला काय कळणार? मी पैशाची पेटी. पोटातलं मला फक्त माझं कळतं.

शेवटच्या दिवशी कल्याण हजर झाला. टेम्पो दारातच चालू ठेवून आला होता. ताईने गहिनीनाथकडून पाकीट घेतलं, पैसे टेबलावर काढले, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"गहिनीनाथदादा, हे तर सगळेच आहेत. तुम्ही रोज सामान घेतलंत ना?"

"घेतलं," तो म्हणाला.

"मग?"

"बरोबर हायेत का न्हाई?" त्याने विचारलं. त्याच्या तोंडावर केवढी आशा होती म्हणून सांगू! पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा तो बघत होता.

कल्याण म्हणाला, "बघा! हा कायतरी थापा मारतोय."

गहिनीनाथ काही बोलायला पुढे आला आणि त्याचे डोळे फिरले. त्याने आधारासाठी मला धरलं. मी कसला आधार देणार? आम्ही दोघेही खाली कोसळलो. माझं बिजागर तुटलं ते तेव्हा, वाटीला तडा गेला तोही तेव्हाच. खेळण्यातल्या नोटा खोलीभर पसरल्या आणि त्यांत तो पडून राहिला. मुमताजबी ओरडली, "अगं बाई, पानी आना कुनीतरी!"

आरडाओरडा ऐकून समोरून लालमहंमदचाचा धावत आले. येतानाच साखरेची पुडी घेऊन आले. माणसाला चक्कर आली की काय लागतं, हे दुकानदाराला बरोबर कळतं. साखरपाणी पाजल्यावर गहिनीनाथने डोळे उघडले.

"ह्याने काही खाल्लंय की नाही?" ताई म्हणाली. "रोज दूध-ब्रेड घेत होता ना तुमच्याकडून?"

चाचा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "घेत हुता की. रोज सकाळी घ्यायचा, नि रोज दिवेलागणीला परत आनून द्यायचा. दूध, ब्रेड, अंडी, जसंच्या तसं. म्हनायचा, चाचा, सामान फळीवर, पैसे गल्ल्यात. नि पैशाचं पाकीट पुढं करायचा, म्हनायचा, ह्यो अक्काचा गल्ला."

ताईची नजर टेबलावरच्या पैशांकडे गेली.

"मला वाटलं, पैशाची नड असंल बिचाऱ्याला," चाचा पुढे बोलले. "नासलेलं दूध मी मोरीत ओतलं, पैसे देऊन टाकले. चारचौघांत कशाला बोभाटा करायचा म्हनून कुनाला बोललो न्हाई. या अल्ला! पोरगा उपाशी हुता व्हय?"

धनश्रीताई जमिनीवर बसली ती बसलीच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मीच शिकवलं त्याला हे," ती म्हणाली. "रोज टाळ्या वाजवून शिकवलं. घेतलेलं वापरायचं असतं, हे सांगायचं मला सुचलंच नाही."

"अहो, पन एवढं कळत न्हाई का मानसाला?" कल्याण चिडून म्हणाला. खरं तर तो घाबरला होता. "दादा, भूक न्हाई लागली तुला?"

"लई लागली," गहिनीनाथ म्हणाला.

"मग खायचं ना! समोर ठिवून बसलास व्हय?"

गहिनीनाथ उठून बसला. तो एरवी कधी इतकं बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "खाल्लं असतं तर परत काय दिलं असतं? साखरपुड्याची अंगठी परत दिली. गाडी परत नेली. कारखान्याचा ड्रेस परत मागितला. बँकेचं पुस्तक तू मागितलंस, ते तुला दिलं. आपल्याकडं आलेलं परतच द्यायचं असतं ना? मी कायबी ठिवून घेतलं न्हाई, कल्याण. आता आश्रमात न्हेऊ नको."

मित्रांनो, माझ्या पोटातून आजवर लाखो रुपये गेले असतील. पण इतकं जड मला कधीच वाटलं नव्हतं. कल्याणने दाराबाहेर जाऊन टेम्पो बंद केला. बराच वेळ तो तिथेच स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. परत आला तेव्हा त्याने मला उचलून टेबलावर ठेवलं, पसरलेल्या खोट्या नोटा गोळा केल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "अक्काच्या ऑपरेशनला अजून वेळ हाय. तवर शिकवा त्याला. मी येतो बघायला."

तुम्हाला वाटेल, झालं, संपली गोष्ट. कसली संपते! खरी दमछाक पुढेच होती.

ताईने रिकामी पाकिटं गुंडाळून ठेवली. ती टाळी बंद झाली. चाचांनी खरं सामान उधारीवर दिलं. लहान लहान पुडे, केळी, दुधाची छोटी पिशवी. माझ्या पोटात कितीतरी काळाने खऱ्या नोटा पडल्या. पण मला आनंद व्हायलाही त्राण नव्हतं. आता धडा एकच. विकत घ्यायचं, बाजूच्या बाकावर बसायचं, उघडायचं आणि खायचं.

सोपं वाटतं ना? गहिनीनाथला ते जमेना. तो पैसे बरोबर द्यायचा, सुटे बरोबर घ्यायचा, बाकावर बसायचा, बिस्किटांचा पुडा हातात धरायचा आणि तसाच बसून राहायचा. वेळ संपली की उठून फळीवर ठेवायचा. ताई तो पुन्हा त्याच्या हातात द्यायची. तो पुन्हा ठेवायचा.

"हे तुमचं आहे, दादा."

"व्हय."

"मग उघडा."

"उघडल्यावर दुकानदार घेनार न्हाई."

"घ्यायचंच नाहीये त्याने!"

असं किती वेळा झालं, कोण जाणे. मुमताजबी रोज आपलं केळं सोलून खात खात हा तमाशा बघायची. एके दिवशी तिचा धीर सुटला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या हातातला पुडा घेतला आणि कानाशी हलवला. आतली बिस्किटं खुळखुळली.

"भरलेला हाय रे बाबा!" ती म्हणाली. "देवाशप्पथ भरलेला हाय. फोड तरी. रिकामा करून दे मला, मला पाकीट पायजे फळीवर मांडायला."

हे मात्र त्याला पटलं. फळीवर मांडायला पाकीट द्यायचं, म्हणजे काहीतरी परत द्यायचंच होतं की! त्याने थरथरत्या बोटांनी कागद ओढला. कागद फाटेना. दातात धरून फाडला. एक बिस्कीट काढलं, सगळ्यांकडे बघितलं, आणि खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग सगळी खाल्ली, आणि रिकामं पाकीट नीट सपाट करून मुमताजबीच्या हातात दिलं. ताई पाठ फिरवून उगाच फळी पुसत बसली.

विजयमालाचं ऑपरेशन झालं. तो महिना गहिनीनाथ एकटा राहिला. सारं नीट झालं असं मी सांगणार नाही. एकदा त्याने सगळ्या पैशांची केळी आणली आणि खोलीत केळ्यांचा वास सुटला. एकदा दोन दिवस तो केंद्रात आलाच नाही. आवाज वाढले होते. कल्याणने त्याला डॉक्टरांकडे नेऊन गोळ्या बदलून आणल्या. आश्रमाचं नाव मात्र त्याने काढलं नाही. तो येता-जाता टेम्पो थांबवायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय खाल्लं रं आज?" चाचाही दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर येऊन बघत राहायचे. गहिनीनाथ हातात काही न घेता चालताना दिसला की आत जायचे.

आणि एक गोष्ट तो न चुकता करायचा. घरी संपलेलं प्रत्येक पाकीट धुऊन, पुसून केंद्रात आणायचा. दुधाची पिशवी, पोह्यांची पिशवी, चहाची पुडी. आता आमच्या फळीवर जी रिकामी पाकिटं आहेत ना, ती सगळी त्याच्या घरची आहेत. नव्या माणसांना भाव विचारायला शिकवताना ती लागतात. मी त्यांच्याकडे बघतो. त्यांना पाहून आता मला लाज वाटत नाही. ती पाकिटं एका माणसाने खाऊन रिकामी केलेली आहेत.

गेल्या महिन्यात विजयमाला परत आली. भिंतीला धरून चालत केंद्रात आली, माझ्यासमोरच्या बाकावर बसली. फार वाळली होती. गहिनीनाथ उठला आणि रस्ता ओलांडून चाचांच्या दुकानात गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात खारीचा एक पुडा होता. अक्काला खारी आवडते, हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

अक्काने पुडा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "कशाला रे एवढा खर्च केलास? मला कुठं खायाचं हाय आता. फोडला न्हाईस ना अजून? जा, चाचांना परत देऊन ये. पैसे तुला ठिव."

गहिनीनाथने तिच्या हातातून पुडा घेतला. माझ्या तुटक्या बिजागरात धडकीच भरली. आता हा उठणार, रस्ता ओलांडणार!

त्याने पुडा दातात धरला आणि टर्रकन फाडला. खारीचा चुरा अक्काच्या पदरावर पडला. एक खारी तिच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "खा, अक्का. हे परत द्यायचं न्हाई. हे तुझं हाय."

जन्मभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईने खारी हातात धरली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. गहिनीनाथ शांतपणे तिच्या शेजारी बसून राहिला. तिने घास घेईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. मुमताजबीने हात पुढे केला, "मला बी दे की एक." त्याने दिली.

तर मित्रांनो, एवढंच. मला आता बोलवत नाही. जमलं तर कुणीतरी माझं बिजागर बसवा, आणि बसवेपर्यंत झाकण तरी आपटू नका. दुसरं एक मागतो. तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत गहिनीनाथसारखं कुणी असेल, तर त्याच्या हातावर एक नाणं ठेवा, आणि ते कशावर खर्च केलं हे विचारायला लगेच धावू नका. ते नाणं त्याचं आहे, हे त्याला स्पष्ट, मोठ्याने सांगा. पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. तुम्ही दमाल. तरी सांगा.